धुतलेली दोरी

रविवार, ९ फेब्रुवारी

खारूताई,

आशीर्वाद आधी घे, बाकीचं मागून वाच.

तुझं पाकीट गुरुवारी आलं. वरचं अक्षर पाहिलं आणि हातातलं दूध होतं तिथेच ठेवून मी उजेडात आले. ते मग मांजराने संपवलं. चौदा महिन्यांनी तुझं अक्षर घरात आलं होतं, एका मांजराचं पोट भरलं तर भरू दे. उघडलं तर आत पत्र नव्हतं, छापील फॉर्म होता. वर लिहिलेलं, ‘आदरणीय सहभागी’. पाकीट दोनदा उलटं करून झटकलं, एखादी चिठ्ठी चिकटून राहिली असेल म्हणून. मग अगदी तळाशी तुझं नाव दिसलं, त्यापुढे ‘विद्यार्थी संशोधक’. आदरणीय तर आदरणीय. शेवटचं दारातून बाहेर पडताना तू मला जे म्हणालीस त्याच्यापेक्षा हे पुष्कळच वरचं आहे.

फॉर्मवरून कळलं की विद्यापीठातले आरोग्य, व्यायाम आणि क्रीडा या विषयाचे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी साठीपुढच्या माणसांची चाल तपासताहेत, आणि प्रत्येकाने ओळखीच्या दहा जणांना फॉर्म पाठवायचा आहे. म्हणजे तुझ्या दहांत मी बसते. कितवी ते विचारत नाही.

लिहिल्याबरहुकूम सगळं केलं. तीस मीटर सरळ जागा, दोन्ही टोकांना खूण, आणि सहा मिनिटं आपल्या चालीने येरझाऱ्या. धाप लागली तर माणसाने थांबावं, घड्याळाने थांबू नये. हे वाक्य मला आवडलं. मी निवृत्त झाले तरी मोठ्या बाईंनी रविवारी शाळेचा खालचा व्हरांडा वापरू दिला. वरचा जास्त मोकळा आहे, पण खालीच बरं, सावली असते.

घड्याळ धरायला शेजारचा शिंपी आला. तुझ्या शर्यतीच्या चड्डीला दुहेरी नाडी घालून ‘पळताना सुटली तर माझं नाव सांगू नकोस’ म्हणणारा, तोच.

म्हणाला, “ताई, सहा मिनिटांत मी एक बाही लावतो.”

“मग आज एक माणूस बिनबाहीचा राहू दे.”

निकाल भरलाय. अठरा फेऱ्या, म्हणजे पाचशे चाळीस मीटर. धाप दहापैकी एक. साक्षीदाराच्या जागी शिंपी सही करेना. म्हणे, “मी मापात दोन बोटं सैल सोडतो ताई, पण ती आत दुमडून. अशी चारचौघांत नाही.” हल्ली त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. मागे लागून सही घेतली.

इकडे सगळं ठीक. जिन्याच्या वळणावर मी कुंड्या ठेवल्यात, वर जाताना तिथे घटकाभर थांबून त्यांच्याकडे बघते. नव्या चपला घेतल्या, एक नंबर मोठ्या. पाय मोकळे राहतात.

तुमच्या विद्यापीठाचं माहितीपत्रक शाळेत आलं होतं. त्यात पळण्याच्या यंत्रावर एक मुलगी आहे, तोंडावर मुखवटा, मुखवट्याला नळी. चेहरा दिसत नाही. खेळाचे सर म्हणाले, कोणीही असेल. मी मात्र पोटऱ्या ओळखल्या. डावीवरचा सायकलच्या साखळीचा डाग छापखान्याने पुसला असेल, पण पोटरी तुझीच. ते पान मी कापून घेतलं आहे.

दोरीचा विषय मी काढत नाही. तूही काढू नकोस.

तुझी सहभागी,
आत्या

बुधवार, २६ फेब्रुवारी

खारूताई,

दुसरा फॉर्म मिळाला. ‘चाचणी पुन्हा करावी’ असा शिक्का, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने तुझी एक ओळ: ‘अंतर कशाने मोजलं?’

चार शब्दांचंही नसलेलं ते वाक्य मी दिवसभर पदराला बांधल्यासारखं घेऊन फिरले. खोटं लिहायचं असतं तर त्याच दिवशी लिहून टाकलं असतं. आठवडा गेला त्यावरूनच तुला उत्तर कळलं असेल.

दोरीने मोजलं. त्याच दोरीने. माझ्याकडे दुसरं काय आहे?

आता विषय तूच काढलास, तर सगळं सांगते. अर्धं तुला ठाऊक आहे, अर्धं तुला सरांनी सांगितलं, पण माझ्या तोंडून तू ते कधीच ऐकलं नाहीस.

ती दोरी पन्नास मीटरची. मी शिपाई म्हणून लागले तेव्हाच्या खेळाच्या सरांनी ती पोलादी पट्टीला लावून कापून दिली होती. मैदान आखायचं काम माझं. शाळा मी चौथीत सोडलेली. बाकीचं व्हरांडा झाडताना दारातून फळा बघून शिकले, आणि आखणी त्या सरांच्या फाटक्या पुस्तकातून. तुझे आईबाबा गेले आणि तू सहा वर्षांची माझ्याकडे आलीस, तेव्हापासून दोरीचं दुसरं टोक तुझ्याकडे. तू टोक धरून उभी राहायचीस आणि मी मागून चुन्याची फक्की सोडत यायचे. “हलू नकोस हं,” मी म्हणायची. “श्वास घेऊ का?” तू विचारायचीस.

फक्कीने सुती दोरी कडक होते. तुझे तळवे सोलवटायचे. म्हणून दर मोसमाच्या आधी मी ती शाळेच्या पडद्यांबरोबर सोडा घालून उकळून काढायची. वाळली की अशी मऊ व्हायची, गालाला लावावी. सुती कापड धुतलं की आटतं हे जन्मभर पडदे धुणाऱ्या बाईला सांगावं लागू नये. पडदे आटले की मी त्यांची खालची दुमड उसवून ते लांब करायची. दोरीला दुमड नव्हती. ती कधी अठ्ठेचाळीसची झाली मला कळलंच नाही.

इथपर्यंत ती चूक होती. पुढचं चूक नाही.

तू विद्यापीठात जाण्याच्या आठ महिने आधी कुंपणाच्या भिंतीसाठी मोजणीदार आला. दुपारी चहा पिता पिता सहज त्याने पट्टी आपल्या पळण्याच्या गोलावरून फिरवली आणि म्हणाला, “बाई, हे चारशे नाही. तीनशे चौऱ्याऐंशी आहे.”

मी म्हटलं, “पुन्हा मोजा.”

त्याने पुन्हा मोजलं. भला माणूस. “सोळा मीटरने काय होतंय, पोरंच पळतात ना?”

“पोरंच पळतात,” मी म्हणाले आणि त्याचा कप विसळायला घेतला.

त्याच संध्याकाळी तू आठशेला दोन मिनिटं वीस सेकंदांच्या आत आलीस. घड्याळ माझ्या हातात होतं. तू माझ्या मनगटाला धरून तो आकडा चार वेळा वाचलास आणि मग मला उचललंस, माझ्या हातात फक्कीची बादली असताना. दोघी पांढऱ्या झालो. तेव्हा सांगायचं होतं. म्हटलं, उद्या. मग म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग विद्यापीठाच्या निवड चाचणीचा फॉर्म आला आणि त्यावर तो आकडा तू इतक्या सुबक अक्षरात लिहिलास की मी मूग गिळून बसले. आणि सकाळी उठून पुन्हा त्याच दोरीने मैदान आखत राहिले.

तिकडे खऱ्या मैदानावर तू सहा सेकंद मागे पडलीस. त्या प्रशिक्षकांनी विचारलं, ही वेळ कोणी घेतली होती, आणि तू म्हणालीस, “माझ्या आत्याने”, आणि रांगेतली मुलं हसली. हे तू मला फोनवर सांगितलंस. मग विचारलंस, “आत्या, तुला माहीत होतं?” आणि मी म्हणाले, “नाही गं.”

डिसेंबरात सुट्टीला आलीस आणि सर भोळेपणाने मोजणीदाराची गोष्ट सांगून बसले. दुपारच्या बसने तू गेलीस. हसणाऱ्या मुलांवर तू रागावली नव्हतीस, सोळा मीटरवरही नव्हतीस. त्या ‘नाही गं’वर रागावलीस. ते मला त्याच दिवशी कळलं होतं. कळलेलं लिहायला एवढे दिवस लागले.

तर तीस मीटर म्हणजे अठ्ठावीस मीटर ऐंशी. हिशेब केला. पाचशे चाळीसच्या जागी पाचशे अठरा लिही.

आत्या

सोमवार, २४ मार्च

खारूताई,

महिना होत आला. पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून ‘नाही’ सांगतो, म्हणजे मला फाटकापर्यंत यायला नको. चांगल्या मनाने करतो. पण फाटकापर्यंत जायला तेवढंच तर माझं कारण होतं. काल मी त्याला म्हटलं, “मान हलवू नका, जवळ येऊन सांगा.” तो म्हणाला, “आजी, नसलेलं पत्र जवळ येऊन काय सांगू?”

तू ठेवून गेलेलं पहिल्या वर्षाचं पुस्तक वाचते आहे. तुझ्या खुणा आहेत त्या ओळी आधी वाचते, मग मधलं. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं, त्याचं चित्र तू पिवळं केलंयस आणि बाजूला लिहिलंयस, ‘आत्याला दाखवणे’. तारीख ऑक्टोबरची आहे. डिसेंबरच्या आधीची. ते पान मी सारखं उघडते, त्यामुळे पुस्तक आता आपोआप तिथेच उघडतं.

दाखव ना.

फोन मी करत नाही. तू उचलत नव्हतीस तेव्हा वाजवत राहायचे. मग वाटलं, तिकडे वर्गात सगळ्यांसमोर वाजत असेल.

मैदानावर गेले होते. नवीन माणूस चाकाच्या गाडीने फक्की ओढतो, एका तासात आखणी. सरळ येते. दुसरं टोक धरायला कोणी लागत नाही. बघत उभी राहिले, मग बाकावर बसले, मग घरी आले. त्यात सगळी दुपार गेली.

मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं असं लिहिलं होतं. सगळं नव्हतं. पण ते तोंडात येतं आणि परत जातं. तुझी एक ओळ आली तर लिहीन असं मनाशी ठरवलंय. ही अट घालायचा अधिकार मला नाही, तेही माहीत आहे.

आत्या

रविवार, १३ एप्रिल

खारूताई,

बुधवारी पार्सल आलं. पोस्टमनने फाटकातूनच हाक मारली, “आजी, आज जवळ येऊन सांगतोय.” जड होतं. उघडलं तर पोलादी पट्टी, तीस मीटरची, पिवळ्या डबीत गुंडाळलेली, टोकाला आकडी. आणि चिठ्ठी. दोनच ओळी:

‘चपलांचा नंबर का वाढला? दुसरं टोक कोण धरतं?’

मी ओट्याला टेकून उभी राहिले. दोन महिन्यांपूर्वी मी एका वाक्यात चपला लिहिल्या होत्या, गंमत म्हणून. तू ते वाक्य ठेवून दिलं होतंस. तुमच्या विद्येत पायांची सूज कुठून येते ते शिकवत असणार, आणि तू वर्गात बसून माझ्या चपलांकडे पाहिलंस. मला वाटलं होतं तू माझी पत्रं वाचतही नसशील.

आता सांगते, आणि आधी काम, मग रडगाणं.

आज सकाळी शिंप्याला घेऊन व्हरांड्यात गेले. तो आपली गळ्यातली टेप घेऊन आला होता. पोलादी पट्टी बघून त्याचं तोंड उतरलं.

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुझ्या टेपेवर आहे. कापडी आहे म्हणून घाबरते.”

“मी ती धूत नाही ताई. तुमच्यासारखं नाही.”

मग त्याने हट्टाने गुडघ्यांवर बसून वीस वेळा आपली टेप लावली, जणू व्हरांड्याला कोट शिवायचा होता, आणि मागाहून पोलादी पट्टी टाकली. दोन्ही एका जागी आल्या. नंतर तो कितीतरी वेळ खुशीत होता. पट्टीची आकडी मी ग्रंथालयाच्या दाराच्या कडीत अडकवली. तू विचारलंस ना, दुसरं टोक कोण धरतं? कडी धरते. हलत नाही, ‘श्वास घेऊ का’ विचारत नाही. मला ती आवडत नाही.

मग चालले. पूर्ण सहा मिनिटं, घड्याळ न थांबवता. दहा फेऱ्या आणि वर बारा मीटर. तीनशे बारा. दोनदा थांबले, एकदा खांबाला धरून, एकदा सूचनाफलकाखालच्या बाकावर बसून. धाप दहापैकी सात. नाडी आधी ब्याण्णव, नंतर एकशे चोवीस, आणि मध्येच एक ठोका गळतो. शिंपी माझं मनगट धरून म्हणाला, “इथे टाका सुटलाय ताई.” साक्षीदाराची सही आज त्याने न सांगता केली, आणि तुला समजावी म्हणून खाली रेघही ओढली.

फेब्रुवारीतल्या अठरा फेऱ्या खोट्या होत्या. नऊ झाल्या होत्या, चार मिनिटांत मी बसले, आणि नऊच्या मी अठरा केल्या. नंतर दोरीची कबुली दिली आणि वर साळसूदपणे पाचशे अठरा लिहून दिले. आटलेल्या दोरीचा हिशेब चोख, आणि चालणंच झालं नव्हतं. तू शास्त्र शिकतेस, तुझ्या दहा माणसांत एक खोटं असतं तर तुझा निकाल पुन्हा वाकडा झाला असता, पुन्हा माझ्यामुळे. तरी मी ते केलं. कारण खरा आकडा वाचला की तू येशील, आणि आजारी बाईसाठी यावं लागतं म्हणून येशील. मला तू तशी नको होतीस. मला तू रागावलेली चालली असती.

जिन्यावरच्या कुंड्याही त्याचसाठी आहेत. त्यांत बघण्यासारखं काही नाही. दोन तर रिकाम्याच आहेत.

डॉक्टरबाई म्हणतात हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागे येतं. गोळ्या चालू आहेत. झडप दुरुस्त करायची की नाही ते ठरवायचं आहे, आणि त्या दर खेपेला म्हणतात, “पुढच्या वेळी घरचं कोणीतरी घेऊन या.” तीन खेपा मी म्हटलं, “आणते.” मग शिंप्याला नेलं. बाईंनी विचारलं, “तुम्ही कोण?” तो म्हणाला, “मी यांचं माप घेतो.” बाई हसल्या, पण फाइल उघडली नाही.

घरचं म्हणजे तूच आहेस. हे मी आकडा लिहिल्यासारखं लिहिते आहे, दया येईल असं लिहायला मला जमत नाही आणि जमलं तरी लिहिणार नाही. तुझी परीक्षा असेल तर परीक्षा दे. राग उरला असेल तर तो घेऊन ये, जागा आहे. नाहीच आलीस तरी फॉर्म पाठवत राहा, मी दर महिन्याला खरं भरीन, आकडा कितीही लहान झाला तरी.

आणि पुस्तकातलं ते पान. मला ते चित्र कळलं आहे, पण तुझ्याकडून ऐकायचं आहे.

तुझी,
आत्या

सोमवार, १४ एप्रिल, सकाळी

पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून आणखी थोडं.

आज पट्टी घेऊन बाहेर पडले. माझ्या दारापासून बसथांब्यापर्यंत मोजलं. एका टोकाला शिंपी, एका टोकाला मी. आठ वेळा पट्टी टाकली, वर चौदा मीटर. दोनशे चौपन्न. जाताना चढ आहे. एकदा शिंप्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसावं लागतं, एकदा टपालपेटीपाशी थांबावं लागतं.

यायचं ठरवलंस तर कोणती बस ते आधी कळव. मला थांब्यावर पोचायला नऊ मिनिटं लागतात. तीनदा मोजली.